ताण, थंडी आणि निनो ३.४ : वरूडच्या संत्राबागेतल्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा

वही नवी. प्रश्न बाबांचा, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते: "यंदा थंडी पडते का नाई, अन् पडली तं कधी?"

बाग वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. बहुतेक झाडं आंबिया बहराची. आंबियाचं गणित सगळं थंडीवर. नोव्हेंबर सरता सरता पाणी तोडायचं, झाड ताणावर सोडायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात. त्यात रात्रीचा गारठा नीट लागला की जानेवारीच्या मध्यावर पाणी सोडून ताण तोडायचा आणि बहर फुटायची वाट पाहायची. गारठा अपुरा पडला तर नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, येते, फूल नाही. तारीख चुकली की वर्ष गेलं. बाबा ही तारीख आजवर अंगावर शहारा किती येतो त्यावर ठरवत आले. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून घरी आलेल्या मुलीने त्यात काही भर घालावी, एवढीच अपेक्षा आहे.

पाहायचं असं: नोव्हेंबरातला प्रशांत महासागर, ध्रुवावरची आणि विषुववृत्तावरची उंच हवा, आपल्या डोक्यावरचा पश्चिमेचा वेगवान वारा, आणि आपल्या वावरातली रात्र. ह्यातलं कोण कोणाला ढकलतं?

१८ नोव्हेंबर

पांढरा रंग दिलेला लाकडी डबा, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या, जमिनीपासून चार फूट. आत किमान-कमाल तापमापी. घरामागे मोकळ्या जागेत रोवला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मधमाश्या पाळतेस का वं?"

२२ नोव्हेंबर

समुद्राची स्थिती. निनो ३.४ म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्तालगतचा एक चौकोन, ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण, १७० ते १२० अंश पश्चिम. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त तापलं आणि काही महिने तसंच राहिलं की अल निनो, तितकंच निवलं की ला निना. यंदाचा अल निनो जोरदार आहे. त्याआधी २०२०-२१, २०२१-२२ आणि २०२२-२३ असे लागोपाठ तीन हिवाळे ला निनाचे गेले. शिवाय हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा तापलेला, म्हणजे द्विध्रुवही धन बाजूला. सगळे पत्ते उबदार हिवाळ्याच्या बाजूने पडलेत.

बाबांना सांगितलं. "तो समुद्र कोठी अन् आपलं वावर कोठी!" म्हणाले आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळायला गेले. आजपासून बाग ताणावर.

२८ नोव्हेंबर

काल आणि आज पाऊस. सहा दिवसांचा ताण पाण्यात. तुरीचा फुलोरा झडला तो वेगळाच.

बाबांची आजची नोंद (ते पंचांगाच्या कोऱ्या जागेत लिहितात): "पाणी आले. ताण मोडला. पोरीने समुद्र पाहिला होता, पाऊस नाही."

बरोबरच आहे. समुद्राच्या चौकोनावरून पुढच्या तीन महिन्यांचा कल सांगता येतो, पुढचा आठवडा नाही. हे मला माहीत होतं, तरी मी सांगताना गाळलं, कारण तेवढा भाग सांगायला मजा येत नाही.

३ डिसेंबर

नागपूरच्या वेधशाळेतून निवृत्त झालेले एक काका ह्या कामात मदत करायला तयार झालेत. पहिल्याच फोनवर म्हणाले, "तुमच्या डोक्यावरून रोज फुगा जातो, तो पाहिला का?" नागपुरातून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच ह्या सुमारास हायड्रोजनचा फुगा वर जातो, जगभरच्या केंद्रांवरून जातो त्याच वेळी. तापमान, ओलावा आणि वारा मोजत वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जाऊन फुटतो. नोंदी खुल्या आहेत. पोस्टाच्या पत्त्यासारखा केंद्राचा क्रमांक टाकला की तक्ता समोर.

सगळी संध्याकाळ त्यातच गेली. खाली दीड-दोन किलोमीटरपर्यंत वारा कधी उत्तरेचा, कधी पूर्वेचा. वर जावं तसा तो पश्चिमेकडे वळतो आणि १२ किलोमीटरवर, म्हणजे हवेचा दाब २०० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो तिथे, सरळ पश्चिमेचा. हिवाळ्यात ह्या वाऱ्याचा मुख्य झोत उत्तर भारतावर असतो, आपल्यावर त्याची दक्षिणेची कड. पश्चिमी विक्षोभ म्हणतात ते, हिवाळ्यात उत्तरेला पाऊस-बर्फ देणारे, ह्याच प्रवाहातून भूमध्य समुद्राकडून गडगडत येतात. म्हणजे बागेवरून रोज एक नदी वाहते आहे. तिला पूर आला की ती सरकते, वाकते, आणि कधी तिचा एखादा वळसा थेट विदर्भापर्यंत खाली उतरतो.

६ डिसेंबर

काल मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं. आज इथे दिवसभर ढग, झिमझिम. डब्यातलं किमान कालच्यापेक्षा चार अंशांनी वर.

ही नोंद छोटी असली तरी महत्त्वाची. विदर्भाची थंडी म्हणजे बर्फाळ वारा अंगावर येणं क्वचितच. बहुतेकदा ती जमिनीने आपली ऊब आकाशात सोडून देणं असते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा शांत असला की जमीन पहाटेपर्यंत निवत जाते. वर ढगाची वाकळ आली की संपलं. बाबांना हे समजावू लागले तर म्हणाले, "ढग असले की थंडी पडत नाई, हे तं शेंबडं पोर्गं बी सांगते."

हो, पण शेंबडं पोर्गं हे सांगत नाही की ते ढग बंगालच्या उपसागरातून का आले.

१० डिसेंबर

ताण पुन्हा सुरू. पहिल्या पावसाने नवती फुटू लागली होती, तिला आवर घालायला वाढ रोखणारं औषध, क्लोरमेक्वाट, फवारलं. खर्च वहीत वेगळा लिहिला आहे.

१९ डिसेंबर

तीन दिवस वाया. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा ही चूक होणार नाही.

१९४० पासूनच्या दर तासाच्या हवामानाची पुनर्रचना करणारा युरोपीय संच, ईआरए५, उतरवला. जाळीचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २८ किलोमीटर. आमच्या चौकोनात बाग येते तशी सातपुड्याची उतरणही. रोजचं किमान काढलं. आकडे विचित्र. एक थंड पहाट ओळीने दोन दिवस दिसते, तर कुठे थंडीच्या लाटा दुप्पट मोजल्या जातात.

काल रात्री लाईन गेली आणि अंधारात बसल्या बसल्या उमगलं. संचाचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्री बदलतो. ती वेळ आपल्याकडे पहाटे साडेपाच. आपलं किमान तापमान पडतं सूर्योदयाच्या थोडं आधी, साडेपाच-सहाच्या सुमारास. म्हणजे मी प्रत्येक थंड पहाट सुरीने मधोमध कापत होते, अर्धी आजच्यात, अर्धी उद्याच्यात. दिवस ग्रिनिचच्या संध्याकाळच्या सहापासून, म्हणजे आपल्या रात्रीच्या साडेअकरापासून, मोजायला घेतला आणि आलेख शहाण्यासारखा वागू लागला.

काकांना सांगितलं तर हसले. वेधशाळा किमान तापमान सकाळी साडेआठला वाचते ते उगाच नाही, म्हणाले.

२४ डिसेंबर

१९५१ पासूनचे हिवाळे एका बाजूला, निनो ३.४ दुसऱ्या बाजूला. आधी तापमानवाढीचा हळू चढ काढून टाकला, नाहीतर जुनं ते सगळं थंड आणि नवं ते गरम एवढंच दिसतं. उरलेल्या ठिपक्यांतून रेघ जाते आणि अपेक्षित दिशेनेच जाते: प्रशांत तापला की आमच्या रात्री सरासरीत उबदार, निवला की उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांना वाट जास्त मोकळी. पण ठिपके रेघेला जुमानत नाहीत. बैलगाडीच्या चाकोरीत पोळ्यातले बैल सोडावे तसे पसरलेत.

समुद्र आणि हवा ह्यांची सांगड पहिल्यांदा घातली गेली तीही भारतातल्या ह्याच प्रकारच्या कामातून. गिल्बर्ट वॉकर हे गणिती १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. मान्सूनचा अंदाज बांधायचा म्हणून त्यांनी कारकुनांकरवी जगभरच्या केंद्रांच्या आकड्यांचे सहसंबंध काढले, आणि मान्सूनच्या अंदाजापेक्षा मोठंच घबाड हाती लागलं: दक्षिणी आंदोलन, म्हणजे ताहिती आणि डार्विनकडच्या हवेच्या दाबांचा झोपाळा. उत्तर अटलांटिकच्या आंदोलनालाही नाव त्यांनीच दिलं. दक्षिणी आंदोलन आणि अल निनो ही एकाच गाडीची दोन चाकं, हे बियर्कनेस ह्यांनी १९६९ मध्ये मांडलं. वॉकरना तोवर जाऊन दहा वर्षं झाली होती.

३० डिसेंबर

बाबांच्या पंचांगात आज सोनं सापडलं. "२९ डिसेंबर २०१८. भयंकर थंडी. नाल्याकाठची पानं करपली." त्याच पहाटे नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. आणि त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला, ध्रुवावरचा भोवरा फुटला होता!

सविस्तर लिहिते. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर ३० किलोमीटरच्या आसपास पश्चिमेच्या वाऱ्यांचं प्रचंड कडं फिरत असतं, तोच हा भोवरा. खालच्या डोंगरांमुळे आणि जमीन-समुद्राच्या तफावतीमुळे उठलेल्या महाकाय लाटा कधीकधी वर जाऊन त्या कड्यावर आदळतात. कडं मंदावतं, फुटतं, वारे उलटे पूर्वेकडून वाहू लागतात आणि तिथलं तापमान काही दिवसांत तीस-चाळीस अंशांनी चढतं. हे १९५२ मध्ये बर्लिनवरच्या फुग्यांच्या नोंदींत शेरहाग ह्यांना पहिल्यांदा दिसलं. दशकात साधारण सहा वेळा घडतं. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याचा परिणाम खाली झिरपतो आणि युरोपात कडाका पडू शकतो, फेब्रुवारी २०१८ मध्ये पडला तसा.

काकांना रात्री अकराला लिहिलं: "ध्रुवावरचा भोवरा फुटला आणि नागपूर गोठलं." मथळाच तयार.

३१ डिसेंबर

काकांचं उत्तर सकाळी. तीन शब्द. "तारखा पाहिल्या का?"

पाहिल्या. वारे उलटले जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. नागपूर गोठलं त्याच्या तीन-चार दिवस आधी. त्यातही वरचा परिणाम खाली यायला आठवडे लागतात. कार्याआधी कारण असतं, कार्यानंतर नाही, हे मी मुलांना शिकवणीत सांगते.

दुसरा घाव पहिल्याच्याच जागी: त्या हिवाळ्यात समुद्र तापलेला होता, कमजोर का होईना अल निनो होता. म्हणजे माझ्या रेघेप्रमाणे ती पहाट उबदार असायला हवी होती. दीड किलोमीटर उंचीचा नकाशा काढला तर तिथे मध्य प्रदेश ओलांडून थेट खाली आलेले उत्तरेचे कोरडे वारे. त्या दिवशीची कारणं तेवढीच आणि तेवढी पुरेशी होती. मथळा खोडला. पान फाडलं नाही.

९ जानेवारी २०२४

उत्तरेत धुकं. मामेभाऊ दिल्लीहून निघाला, गाडी नऊ तास उशिरा. तिथे सूर्य दिसत नाही म्हणतो, दिवसाचं तापमानच चढत नाही. आणि काश्मीरचे लोक हवालदिल, कारण गुलमर्गला बर्फ नाही. फोटोत उघडी तपकिरी जमीन.

माझ्या टिपणात लिहिलं आहे की अल निनोच्या हिवाळ्यात वायव्य हिमालयात बर्फ-पाऊस जास्त. यंदा जोरदार अल निनो आणि जानेवारीचा पहिला भाग कोरडा ठणठणीत. विक्षोभ आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. वरचा झोत मात्र जबरदस्त, ताशी २५० किलोमीटरच्या पुढे. त्याच्या खाली हवा दबून बसली आहे, धुकं हलायला तयार नाही.

इथे? ऊन छान, रात्री बऱ्या, कडाका नाही. डब्यात १२ च्या खाली आकडा उतरलेला नाही.

१५ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटून झाला आणि बाबांनी वही मागितली. पाणी सोडायचं का? पानांचा ताण दिसतो आहे पण थंडीचे तास कमी. मी म्हटलं, आठ दिवस थांबा.

खरं सांगायचं तर त्यात विज्ञान थोडं आणि धाडस जास्त होतं. पुढच्या आठवड्यासाठीचे अंदाज उत्तरेचे वारे दाखवत होते आणि आकाश मोकळं. समुद्र किंवा ध्रुव ह्यांचा त्या सल्ल्यात काडीचा संबंध नव्हता.

१७ जानेवारी

काल भोवरा फुटला. खरंच! ६० अंश उत्तरेला, १० हेक्टोपास्कलवरचे, म्हणजे ३० किलोमीटरच्या आसपासचे, वारे १६ तारखेला उलटले. थोडक्यात सावरतील असं दिसतं.

ह्याची चाहूल शरद ऋतूपासून होती. अल निनोत उत्तर प्रशांतावरचा कमी दाब खोल होतो आणि वर जाणाऱ्या लाटांना बळ मिळतं, हे एक. दुसरं विषुववृत्तावरचं घड्याळ: २४-२५ किलोमीटरवरचे वारे साधारण २८ महिन्यांच्या फेऱ्यात कधी पश्चिमेचे, कधी पूर्वेचे होतात. पूर्वेचे असले की ध्रुवाचं कडं जास्त नाजूक, हे होल्टन आणि टॅन ह्यांनी १९८० मध्ये दाखवलं. यंदा ते पूर्वेचे आहेत. घड्याळ म्हटलं खरं, पण २०१६ मध्ये त्यानेही ठेका चुकवला होता, १९५० च्या दशकापासूनच्या नोंदींत पहिल्यांदाच. (त्या घड्याळाचं मला फार कौतुक आहे. बागेशी त्याचा संबंध पातळ, हे माहीत असूनही रोज पाहते.)

ह्या वेळी मथळा लिहिला नाही. आधीच लिहून ठेवते: पुढच्या दहा दिवसांत इथे थंडी पडली तर तिचं श्रेय ह्या घटनेला द्यायचं नाही.

२५ जानेवारी

९.८. हंगामातला सर्वांत कमी आकडा. सलग तिसरी रात्र निरभ्र.

"थंडीची लाट" म्हणू नये. हवामान विभागाच्या व्याख्येत मैदानी भागासाठी किमान १० किंवा खाली असावं लागतं आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी कमी. पहिली अट जेमतेम, दुसरी नाही. बाबांना व्याख्येशी देणंघेणं नाही. शेकोटीजवळ हात धरून म्हणाले, "आता खरी पडली."

पहाटे टॉर्च घेऊन नाल्याकाठच्या झाडांत गेले, साधी तापमापी फांदीला टांगून. घरामागच्या डब्यापेक्षा दोन अंश कमी! थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून ओघळून खोलगटात साचते. २०१८ मध्ये करपली ती पानं नाल्याकाठचीच होती, बाबांनी लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. २८ किलोमीटरच्या चौकोनात हा नाला कुठून दिसणार.

२७ जानेवारी

रात्रीच्या लाईनवर पाणी सोडलं. बाबा दोन वाजता मोटर चालू करायला उठले, मीही गेले. ताण तोडला.

८ फेब्रुवारी

बहर फुटला. सगळीकडे सारखा नाही. नाल्याकाठच्या ओळींत पानापेक्षा फूल जास्त, वरच्या मुरमाड पट्ट्यात नवतीच अधिक. वास मात्र सगळीकडे. मधमाश्या खरोखर आल्या, काकूंना दाखवल्या.

नाल्याकाठच्या ओळींना गारठा जास्त लागला हे कारण की तिथली माती भारी आणि ताण वेगळा बसला हे, हे दोन्ही वेगळं करता येत नाही. पुढच्या वर्षी दोन्हीकडे डबे हवेत.

११ फेब्रुवारी

गारा. बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. वीस मिनिटं.

झाडाखाली मृगाची, म्हणजे पावसाळ्यातल्या बहराची, फळं पडली आहेत, तोडणीला आलेली. वर राहिलेल्यांवर मार बसला आहे, ती आठवड्यात सडतील. आंबियाचं फूल जमिनीवर अंथरल्यासारखं. गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे फुटले. आज मोजमाप नाही.

१३ फेब्रुवारी

तलाठी पंचनाम्याला येऊन गेले. नंतर बसून नकाशे काढले. काहीतरी करायला हवं होतं.

जानेवारीत जी नदी उत्तरेला घट्ट चिकटून वाहत होती, तिच्यात फेब्रुवारीत वळसे पडले. एक खोल वळसा थेट मध्य भारतापर्यंत उतरला: वर थंड हवा. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरच्या जास्त दाबाच्या क्षेत्राने खालून दमट वारे विदर्भात ढकलले. खाली ओल आणि ऊब, वर गारठा, आणि त्यावर वेगवान वारा ढगाचा माथा ओढून घेणारा. गारांना लागतं ते सगळं हजर. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली होती, तेव्हाही मूळ रचना हीच. पंचांगात त्या वर्षीच्या पानावर बाबांनी एकच शब्द लिहिला आहे: "आडवं."

झोताला वळसे पडण्यात १६ जानेवारीच्या घटनेचा हात होता का? वेळ जुळते, चार आठवडे. पण झोत वाकायला ध्रुवच लागतो असं नाही, उष्ण कटिबंधातल्या ढगांच्या पट्ट्यांच्या हालचालीनेही तो वाकतो. एका हिवाळ्यावरून मी काही म्हणणार नाही. रकान्यात "माहीत नाही" लिहिलं.

२८ फेब्रुवारी

पुन्हा गारा पडल्या, पश्चिमेकडच्या तालुक्यांत जास्त. आपल्याकडे नुसता वारा आणि पाऊस.

काकांशी लांब बोलणं. मी म्हटलं, समुद्र महिन्यांचा कल सांगतो, वरची नदी आठवड्याचा, ढग रात्रीचा. बाबांना हवी असते तारीख, आणि ती पहिल्या दोघांकडून मिळत नाही. काका म्हणाले, मग समुद्राला तारीख विचारू नका, पैशाचं विचारा. अल निनोच्या वर्षी वाढ रोखणाऱ्या औषधाचे आणि जास्तीच्या फवारणीचे पैसे आधी बाजूला काढून ठेवायचे, सगळी बाग आंबियावर न टाकता काही ओळी मृगासाठी राखायच्या. हा हिशेब नोव्हेंबरात करता येतो. ह्या प्रकल्पातलं हे पहिलं वाक्य, जे बाबांनी दोनदा विचारलं.

६ मार्च

परवा, ४ तारखेला, ध्रुवावरचे वारे पुन्हा उलटले. एका हिवाळ्यात दोनदा. नोंद केली.

बाबा: "तुह्या त्या भोवऱ्याचं राहू दे वं माय, ह्या आठवड्यात पाऊस हाये का ते पाह्य."

१२ मार्च

वरच्या पट्ट्यात फळ मोजलं. नाल्याकाठी मोजलं. गारांनी दोन्हीकडचं सारखंच नेलं आहे, तुलना यंदा निरुपयोगी. आकडे तरी लिहून ठेवले.

दुसरा डबा बनवायला सुताराकडे दिला. पहिला आज उपटून नाल्याकाठी रोवला. थंडी संपली आहे, पण उन्हाळाभर तिथे राहिला तर निदान त्याला उधई लागते का ते नोव्हेंबरआधी कळेल.